पाऊण किलोच्या कॅमेऱ्यासाठी गिंबल: खानापूर तालुक्यातील एक प्रकरण

खानापूर तालुक्यातील एका खेड्यात राहून लग्ने, बारशी आणि यात्रांचे चित्रीकरण करणारा एक तरुण २०२३ च्या मार्च महिन्यात माझ्याकडे बेळगावला आला. गिंबल, म्हणजे चालतानाही कॅमेरा स्थिर धरणारी मोटरांची मूठ, विकत घ्यायचा हे त्याचे ठरलेलेच होते; कोणता घ्यावा, एवढाच प्रश्न घेऊन तो आला होता. एप्रिलमध्ये लग्नांची चार कामे हाती होती, मे महिन्यात शेजारच्या गावी महालक्ष्मीची यात्रा भरायची होती, आणि आदल्याच महिन्यात भाड्याने आणलेल्या एका मोठ्या गिंबलवर केलेले एका वरातीचे चित्रीकरण पाहण्याजोगे राहिले नव्हते. त्याचे गाऱ्हाणे त्याच्याच शब्दांत असे होते: “काका, तीन किलो उचलतंय म्हणून सांगितलेत, खरं माझा एवढासा कॅमेरा त्याच्यावर थरथरूलालाय की ओ.” (आमच्याकडे ‘खरं’ म्हणजे ‘पण’, हे पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी सांगितलेले बरे.)

पुढील सहा आठवड्यांत आम्ही जे तपासले, जे टाळले आणि शेवटी जे घेतले, त्याची ही नोंद आहे. कॅमेरा हलका असला की कोणताही गिंबल चालतो, असा समज आमच्या भागातील स्टुडिओवाल्यांत सर्रास आढळतो. आणि ज्याची वजन पेलण्याची क्षमता जास्त तो गिंबल अधिक चांगला, हा समज तर त्याहून पक्का आहे. या प्रकरणात दोन्ही समज खोटे ठरले, मात्र मला सुरुवातीला वाटले होते त्या कारणाने नव्हे.

काट्यावरची बेरीज

त्याच्याकडे सोनीचा झेडव्ही-ई१० हा मिररलेस कॅमेरा होता. बॅटरी आणि कार्ड धरून या कॅमेऱ्याचे वजन ३४३ ग्रॅम भरते. त्याच्या अंगात सेन्सर स्थिर ठेवणारी यंत्रणा नाही, डोळा लावून पाहण्याची खिडकी नाही, आणि पडदा बाजूला उघडून फिरवता येतो. या तिन्ही गोष्टींचा गिंबलच्या निवडीशी थेट संबंध येतो. सोबत कॅमेऱ्याबरोबर मिळालेली १६-५० मिलिमीटरची ११६ ग्रॅमची लेन्स होती, शिवाय त्याने स्वतंत्रपणे घेतलेली सिग्माची १८-५० एफ/२.८ ही सुमारे २९० ग्रॅमची लेन्स होती. मंगल कार्यालयांतील अपुऱ्या उजेडासाठी सिग्माचीच १६ मिलिमीटर एफ/१.४ ही लेन्स घेण्याचा त्याचा विचार चालला होता. ती एकटीच ४०५ ग्रॅमची आहे, म्हणजे कॅमेऱ्यापेक्षाही जड.

कागदावरच्या वजनांवर विसंबू नये म्हणून मी त्याला सगळे सामान घेऊन आमच्या गल्लीतील किराणा दुकानात नेले आणि इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवायला लावले. दुकानदाराला प्रथम हा प्रकार चेष्टेचा वाटला. कॅमेरा, १८-५० लेन्स, ४२ ग्रॅमचा रोड व्हिडिओमायक्रो हा मायक्रोफोन, त्याचे केसाळ वाराकवच, लेन्सवरचा उजेड कमी करणारा काळा फिल्टर आणि खाली लावायची प्लेट, हे सगळे एकत्र ठेवल्यावर आकडा साडेसातशे ग्रॅमच्या आसपास स्थिरावला. १६ मिलिमीटरची लेन्स घेतली, तर हीच बेरीज साडेआठशेच्या पुढे जाणार होती. ज्याला तो ‘एवढासा कॅमेरा’ म्हणत होता, त्याचे कामाच्या वेळचे वजन नुसत्या कॅमेऱ्याच्या दुपटीहून अधिक होते. गिंबल निवडताना धरायचे वजन ते हेच. जाहिरातीतल्या कॅमेऱ्याचे नव्हे.

थरथरण्याचे कारण

भाड्याचा तो गिंबल आम्ही पुन्हा एका दिवसासाठी आणला, कारण दोष नेमका कुठे आहे हे कळल्याशिवाय नवीन वस्तूवर पैसे घालणे मला पटत नव्हते.

गिंबलचे काम समजून घेतले की थरथरणे आपोआप उलगडते. त्यात तीन अक्ष असतात: मान डावी-उजवीकडे वळावी तसा पॅन, मान वर-खाली व्हावी तसा टिल्ट, आणि होडी एका अंगावर कलावी तसा रोल. प्रत्येक अक्षावर एक ब्रशलेस मोटर बसवलेली असते. जायरोस्कोप आणि त्वरणमापक कॅमेऱ्याचा कल अखंड मोजत असतात, आणि कल पडला की मोटर तितक्याच जोराने उलट दिशेला वळून तो भरून काढते. ही मोटर किती जोराने प्रतिकार करील, ते वर ठेवलेल्या वजनाप्रमाणे ठरवावे लागते. आदल्या गिऱ्हाइकाने त्यावर मोठा कॅमेरा आणि जड लेन्स चढवली असावी, कारण मोटरांचा जोर वरच्या टोकाला नेऊन ठेवलेला होता. जड ओझ्यासाठी ठरवलेला तो जोर साडेसातशे ग्रॅमला लागू झाला की मोटर गरजेपेक्षा जास्त ढकलते, मग ती चूक सुधारायला तितक्याच जोराने परत येते, आणि या ओढाताणीतून बारीक, अखंड कंप निर्माण होतो. हाताला तो गुणगुणल्यासारखा जाणवतो आणि चित्रात जेलीसारखा लहरतो. त्यातच या कॅमेऱ्याचा सेन्सर चित्र ओळीओळीने आणि बऱ्यापैकी सावकाश वाचतो, त्यामुळे असा कंप त्यात अधिकच उठून दिसतो.

दुसरा दोष तोल लावण्यातला होता. त्या वरातीत त्याने सोबत मिळालेली १६-५० ही लेन्स लावली होती. ही लेन्स कॅमेरा बंद असताना आत मिटलेली असते आणि बटण दाबताच बाहेर येते. त्याने तोल लावला कॅमेरा बंद ठेवून, वर झाकणही तसेच ठेवून. चित्रीकरण केले लेन्स बाहेर आल्यावर. तोलात पडलेला तो लहानसा फरक टिल्टची मोटर रात्रभर पेलत राहिली. मोटर इतकी तापली होती की हात लावल्यावर चटका बसत होता, हे त्याला आठवत होते. त्याचा अर्थ मात्र त्या वेळी उमगला नव्हता.

आम्ही कॅमेरा सुरू करून, झाकण काढून, मायक्रोफोन लावून, पडदा ज्या स्थितीत वापरायचा त्याच स्थितीत ठेवून तोल पुन्हा लावला. आधी टिल्ट, मग रोल, शेवटी पॅन. एकेक अक्ष मोकळा सोडायचा आणि कॅमेरा जिथे ठेवाल तिथेच थांबतो की नाही ते पाहायचे. त्यानंतर मोटरांचा जोर आपोआप ठरवण्याची सोय त्यात होती, ती चालवली. थरथर जवळजवळ नाहीशी झाली.

इथे प्रकरण संपायला हवे होते, असे कोणी म्हणेल. कारण ज्या दोषामुळे तो मोठ्या गिंबलवर रुसला होता, तो दोष गिंबलचा नव्हताच. मीही त्या संध्याकाळी त्याला तसे बोललो, आणि मोठाच घे असे सुचवण्याच्या बेतात होतो. दुसऱ्या दिवशीच्या चाचणीने माझे मत फिरवले.

किल्ला तलाव आणि खडे बाजार

निवडीसाठी तीन पर्याय समोर होते. पहिला झियुनचा क्रेन एम२: स्वतःचे वजन साधारण अर्धा किलो, पेलण्याची मर्यादा ७२० ग्रॅम. हा आम्ही काट्यापाशीच बाद केला, कारण आमची बेरीज आधीच ती मर्यादा ओलांडत होती. १६-५० लेन्स लावून आणि मायक्रोफोन काढून ठेवून काम करणाऱ्याला तो पुरेसा आहे; या तरुणाला तसे काम करायचे नव्हते. दुसरा डीजेआयचा आरएस ३: वजन सुमारे १.३ किलो, मर्यादा ३ किलो. तिसरा त्याच कंपनीने जानेवारी २०२३ मध्ये आणलेला आरएस ३ मिनी: वजन सुमारे ८०० ग्रॅम, मर्यादा २ किलो.

साडेसातशे ग्रॅमच्या ओझ्याला दोन किलोची मर्यादा पुरून उरते आणि तीन किलोची तर अनावश्यकच, हे आकडेमोडीने लगेच कळते. हाताला काय वाटते, ते आकड्यांवरून कळत नाही. ओळखीच्या दोघा स्टुडिओवाल्यांकडून हे दोन्ही गिंबल आम्हाला एका दिवसापुरते मिळाले. सकाळी किल्ला तलावाच्या कडेने फेऱ्या आणि संध्याकाळी खडे बाजारातील गर्दी, अशा दोन जागा मी मुद्दाम निवडल्या. एक मोकळी आणि सपाट, दुसरी अरुंद आणि धक्क्यांची.

कॅमेऱ्यासह मोठा गिंबल दोन किलोच्या थोडा वर जात होता आणि लहान दीड किलोच्या थोडा वर. अर्धा किलो म्हणजे फारसे काही नाही, असे आम्हा दोघांनाही वाटत होते. परंतु गिंबल पिशवीसारखा खाली लोंबकळत धरायचा नसतो. कोपर दुमडून, छातीपासून हातभर पुढे धरावा लागतो, आणि तिथे प्रत्येक शंभर ग्रॅम खांद्यावर कितीतरी जास्त वाटतात. तलावाच्या दुसऱ्या फेरीला मोठ्या गिंबलवरचा त्याचा हात खाली उतरू लागला, कोपर बरगडीला टेकू लागले, आणि कोपर टेकले की पावलांचा हिसका थेट मुठीत पोचतो. लहान गिंबलवर तीच वेळ चौथ्या फेरीला आली. सकाळच्या हळदीपासून रात्रीच्या वरातीपर्यंत एकट्याने काम करणाऱ्या माणसासाठी हा फरक निर्णायक होता. दोन सहायक घेऊन फिरणाऱ्या शहरातल्या स्टुडिओने याच आकड्यांवरून उलट निर्णय घेतला असता, आणि तोही बरोबर ठरला असता.

आणखी एक अडचण फक्त हलक्या आणि लहान कॅमेऱ्यांना येते, म्हणून ती जरा सविस्तर सांगतो. कॅमेरा बसवण्याची पट्टी पुढे-मागे आणि डावी-उजवीकडे सरकते, पण तिच्या सरकण्याला दोन्ही टोकांना मर्यादा असते. कॅमेरा फार हलका आणि आखूड असेल, तर तोल साधण्यासाठी पट्टी अगदी टोकाला न्यावी लागते आणि कधीकधी तरीही तोल पुरता साधत नाही. मोठ्या गिंबलवर १६-५० लेन्स लावल्यावर आम्हाला हाच अनुभव आला. त्यातच पडदा बाजूला उघडला की तो आणि मायक्रोफोनची सरळ बाहेर आलेली पिन, दोन्ही गिंबलच्या भुजेच्या वाटेत येतात. पिन भुजेला टेकली की मोटर अडते, आणि अडलेली मोटर काही क्षण झगडून स्वतःला बंद करून घेते. काटकोनात वळलेली पिन असलेली वायर घेतल्यावर हा त्रास सुटला. पडदा मात्र पूर्ण फिरवून मागच्या बाजूलाच चिकटवून वापरावा लागतो. या कॅमेऱ्याला डोळा लावायची खिडकी नसल्याने एप्रिलच्या उन्हात चित्र नीट दिसावे म्हणून त्याने पडद्यावर पुठ्ठ्याची काळी झडप बसवली. मग त्या झडपेचे वजन धरून तोल पुन्हा लावावा लागला. दहा ग्रॅमचा पुठ्ठा, पण गिंबलला तोही कळतो.

शेवटी निवड आरएस ३ मिनीची झाली. त्याच्या बाजूने आणखी एक व्यावहारिक मुद्दा होता: त्यावर कॅमेरा उभा करून बसवता येतो, आणि वधूवरांकडची मंडळी आता पूर्ण चित्रफितीआधी मोबाइलवर पाहायची उभी रील मागतात. विरोधी मुद्दाही होता आणि तो मी त्याच्यापासून लपवला नाही. यातील बॅटरी मुठीतच बसवलेली आहे, काढून बदलता येत नाही. कंपनीच्या सांगण्याप्रमाणे ती दहा तास चालते, परंतु तो आकडा तोल नीट लावलेल्या, शांत स्थितीतील गिंबलचा असतो. पहाटे पाचला सुरू होऊन रात्री दहाला संपणाऱ्या लग्नात तो पुरणार नाही. म्हणून पंगती उठेपर्यंतचा वेळ गिंबल चार्जिंगला लावायचा, आणि त्या वेळी जेवणाऱ्यांचे चित्रण हातानेच करायचे, असे वेळापत्रक आम्ही आधीच ठरवले. पंगतीत गिंबल घेऊन फिरणारा माणूस मला तसाही आवडत नाही. वाढपी त्याला चुकवत चुकवत जातात.

चालणे

गिंबल आल्यावर पहिल्या आठवड्यात त्याची निराशा झाली, आणि ती होणार हे मला ठाऊक होते. चित्र आता थरथरत नव्हते, कलतही नव्हते, पण चालताना अख्खे दृश्य वर-खाली होत होते. तीन अक्षांचा गिंबल केवळ वळण आणि कल भरून काढतो; माणूस पाऊल टाकताना कॅमेऱ्यासकट दोन-तीन सेंटिमीटर उचलला जातो, ती उचल तो भरून काढू शकत नाही. दूरच्या डोंगराच्या दृश्यात हे खपून जाते. चार हातांवरच्या नवरीच्या चेहऱ्यावर मात्र ते लगेच डोळ्यांत भरते.

यावर उपाय पायांचाच. विहिरीवरून भरलेली घागर डोक्यावर घेऊन येणारी बाई कशी चालते ते आठव, एवढेच मी त्याला सांगितले: गुडघे किंचित वाकलेले, टाच आधी टेकून पाऊल पुढे ओघळल्यासारखे पडणारे, कमरेच्या वर काही हलत नाही. त्याच्या आईने हे ऐकून त्याच्या हातात काठोकाठ भरलेला तांब्या दिला आणि अंगणातून चालायला लावले. पहिल्या दिवशी अर्धा तांब्या अंगणात सांडला. आठवडाभराने सांडेनासा झाला, आणि त्याच आठवड्यात चित्रही सुधारले.

कॅमेऱ्यातील काही सेटिंगही बदलावी लागली. चित्राच्या कडा कापून स्थिर करण्याची जी इलेक्ट्रॉनिक सोय या कॅमेऱ्यात आहे, ती गिंबलवर बंद ठेवली. कारण गिंबलने मुद्दाम केलेले वळणसुद्धा ती धक्का समजून थोपवू पाहते आणि मग दृश्य अडखळत सरकते. सेन्सर हलवणारी यंत्रणा या कॅमेऱ्यात नसणे ही एरवी उणीव गणली जाते. गिंबलवर ती अडचण ठरली नाही, कारण तशा कॅमेऱ्यांत रुंद लेन्सच्या कोपऱ्यांत जी डुलणारी लहर कधीकधी दिसते, ती इथे येतच नाही. सेकंदाला २५ चौकटी (फ्रेम) आणि शटर सेकंदाच्या पन्नासाव्या भागाचे, हे कायम ठेवले. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्याने कार्यालयातील दिवे त्यामुळे लुकलुकत नाहीत. दिवसाच्या उन्हात हेच शटर टिकवण्यासाठी काळा फिल्टर लागतो, आणि म्हणूनच तो काट्यावर सुरुवातीलाच ठेवला होता. सिग्माची १८-५० लेन्स झूम करताना पुढे येते. तेव्हा तोल २४ मिलिमीटरच्या आसपास लावायचा आणि त्याच टापूत काम करायचे, हेही ठरले. १६ मिलिमीटरची ती जड लेन्स त्याने अखेर घेतली नाही. त्या पैशांत दोन दिवे घेतले. मला हा निर्णय गिंबलच्या निर्णयाइतकाच शहाणपणाचा वाटतो.

यात्रा

मे महिन्यातील यात्रेसाठीच त्याला गिंबल हवा होता, आणि नेमक्या तिथेच तो बहुतांश पेटीत राहिला.

आमच्या भागातील महालक्ष्मी यात्रा ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. या यात्रा गावोगावी बऱ्याच वर्षांच्या अंतराने भरतात. देवीला खांद्यावर घेऊन नाचवतात, त्याला होन्नाट म्हणतात. मग देवी रथावरून मिरवते आणि शेवटी गदगेवर, म्हणजे यात्रेपुरत्या तिच्या आसनावर, विराजमान होते. या सगळ्यात भंडाऱ्याची उधळण इतकी होते की माणसे, बैल, रथ, घरांची कौले, सगळे पिवळे होऊन जाते. हळदीची ही पूड पिठाहून बारीक असते. गिंबलच्या मोटरांच्या फटी धूळरोधक नसतात, आणि कॅमेऱ्यावर घालतो तशी प्लास्टिकची पिशवी गिंबलवर घालता येत नाही, कारण पिशवी भुजांत अडकते आणि अक्ष फिरेनासे होतात. शिवाय होन्नाटाच्या वेळी शेकडो माणसे एकाच लाटेत पुढे-मागे होतात. त्या लाटेत हातभर पुढे धरलेल्या दीड किलोच्या वस्तूचा दुसऱ्याच्या डोक्याला लागण्याचा संभव, दृश्य स्थिर येण्याच्या संभवापेक्षा जास्त असतो.

मी त्याला स्पष्ट सांगितले की होन्नाट हातानेच घ्यायचा: रुंद लेन्स, कॅमेरा छातीशी, पट्टा गळ्यात, पारदर्शक पिशवी वर, आणि कडा कापणारी ती इलेक्ट्रॉनिक सोय या वेळी सुरू. त्याला ते पटायला वेळ लागला. “मग एवढे पैसे घालून घेतला कशाला ओ?” असे त्याने विचारले, आणि प्रश्न अगदीच गैर नव्हता. हिशेब असा होता की वर्षभरातील त्याचे बहुतेक काम लग्नांचे होते, यात्रा दहा दिवसांची. गिंबलची निवड वर्षभराच्या कामावरून करायची, सर्वांत गाजणाऱ्या दहा दिवसांवरून नव्हे. होन्नाटातील दृश्य थोडे हललेले असणेच रास्त आहे, हे माझे मत आहे. तिथे उभ्या असलेल्या माणसालाही ते तसेच हलताना दिसते.

गिंबल त्याने एकदाच बाहेर काढला, देवी रथावर बसण्याच्या दिवशी पहाटे, भंडारा सुरू होण्यापूर्वी. झेंडूच्या माळांनी सजवलेला रथ देवळासमोर रिकामा उभा होता, भोवती मोजकी माणसे होती, रात्रीचे दिवे अजून विझले नव्हते. तो रथाभोवती एक पूर्ण फेरी चालला. कॅमेरा आधी चाकांच्या उंचीवर आणि मग हळूहळू कळसाकडे उचलत नेलेला. ती सलग चाळीस सेकंदांची फेरी गावातील लोकांनी पुण्यामुंबईतल्या आणि गोव्यातल्या नातेवाइकांना पाठवली. जाणकाराने पाहिले तर बत्तिसाव्या सेकंदाला, देवळाच्या दगडी पायरीवरून उतरताना, दृश्य एकदा ठसठशीत खाली बसलेले दिसते. तिथे पायरी टाळून बाहेरच्या अंगाने जायचे, असे त्याने आपल्या वहीत लिहून ठेवले आहे. त्या गावाची पुढची यात्रा कोणत्या वर्षी भरवायची, ते मात्र पंचांच्या बैठकीत अजून ठरायचे आहे.